शेजारच्या अण्णांच्या नोट्स

जगात कुणाच्याही तोंडून निघालेला एकही शब्द वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच देवाने आमच्या शेजारच्या अण्णांना जन्माला घातलं असावं. अण्णा मूळचे बेळगावचे. सारी हयात कोर्टात लघुलेखन करण्यात गेली, आणि निवृत्त होऊन मुलाकडे आमच्या कानडी शहरात, मल्लेश्वरमला आले तरी हात काही थांबेना. भाजीवालीशी बोलतानासुद्धा त्यांचं बोट धोतरावर रेघोट्या ओढत असे. ही छप्पन-सत्तावन्न सालची गोष्ट. विषमज्वरात माझे कान गेले होते. वर्गात मी नुसता सरांच्या ओठांकडे बघत बसे, आणि एके दिवशी वडिलांनी पाटीवर लिहिलं, 'कॉलेज पुरे. कुठेतरी चिकटवून देतो.' अण्णांच्या हे कानावर गेलं मात्र, दुसऱ्याच दिवशी ते कोट-टोपी चढवून वर्गात माझ्या शेजारी येऊन बसले.

अण्णा सगळं टिपून घेत आणि संध्याकाळी सुवाच्य अक्षरात उतरवून देत. सगळं म्हणजे अगदी सगळं. धडा इंग्रजीत आणि कंसात मराठी: (सर खोकले.) (मागच्या बाकावर कुजबुज.) (कालचाच विनोद पुन्हा. हशा कमी.) हे शेवटचं इतिहासाच्या सरांबद्दल होतं. त्यांनी एकदा सहज वही चाळली आणि ते नेमके मराठी वाचणारे निघाले. प्रकरण प्रिन्सिपॉलांकडे गेलं. तिथला संवादही अण्णांनी स्वतःची कानउघाडणी न गाळता मला लिहून दिला. फक्त धडा लिहा, नाहीतर वर्गात येऊ नका, असं प्रिन्सिपॉल म्हणाले होते. त्यावर अण्णांचं कानडीत उत्तर एवढंच होतं, "सरी." म्हणजे, बरं.

मग नोट्स अगदी स्वच्छ येऊ लागल्या. परीक्षेला उत्तम, पण मला आपण दुसऱ्यांदा बहिरे झालो असं वाटू लागलं. तसं मी अण्णांना बोलूनही दाखवलं. त्या दिवसापासून घरी येताना वाटेत एका दुकानाच्या कट्ट्यावर बसून ते गाळलेले कंस आठवून आठवून वेगळ्या कागदावर लिहून देऊ लागले. वर मथळा असे, 'कोर्टाबाहेर'.

बी. ए.ला मी इतिहासात पहिला आलो. पदक घेताना मी सभागृहाकडे पाठमोरा होतो. जागेवर परतलो तेव्हा अण्णांनी चिठ्ठी पुढे सरकवली: '(टाळ्या. घड्याळ लावून बघितलो की. मिनिटाला स्वल्प कमी. इतिहासाचे सर शेवटपर्यंत वाजवत होते.)'

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला बरं वाटावं म्हणून लोक पुष्कळ काही लिहून दाखवतात, आणि त्यांचं मन मोडू नये म्हणून मीही हसतो. अण्णांना मात्र न झालेलं लिहिताच येत नसे. म्हणून त्या दिवशी टाळ्या वाजल्या होत्या, हे मला पक्कं ठाऊक आहे.