आक्काची मऊ पिन

"घे की गं. एवढा एक घास घे, मग सोडतो तुला."

हे वाक्य माझ्या कानावर पडलं तेव्हा मी उणे तीन तापमानात, मापापेक्षा मोठ्या कोटात, सुट्या भागांची यादी हातात धरून उभी होते. कामावरचा माझा पहिलाच दिवस. बाहेर दोहाचा जून होता. आत, मॉलच्या पोटातल्या आमच्या बर्फघरात, सकाळचे आठ वाजले होते. लोकांसाठी दार उघडायला अजून दोन तास होते. कानटोपी घातलेला एक माणूस एका जुन्या, बुटक्या ट्रॅक्टरसमोर उकिडवा बसून त्याच्या पुढच्या डब्याला ग्रीस पाजत होता. जवळपास तिसरं कुणी नव्हतं. म्हणजे घास घ्यायला तो यंत्रालाच सांगत होता, आणि तेही मराठीत. मला हसू फुटलं. ते मी कोटाच्या कॉलरमध्ये दाबलं आणि यादीत बघत राहिले.

त्यांना सगळे मामा म्हणत. नेपाळी मेकॅनिक म्हणत, कारण त्यांच्याकडेही मामा म्हणजे मामाच. तिकीटखिडकीवरच्या फिलिपिनो मुली म्हणत, कारण बाकीचे म्हणत. आमच्या इजिप्शियन मॅनेजरना, ज्यांना सगळे मुदीर म्हणत, ही हाक मारताना मात्र दर वेळी गंमत वाटायची, कारण अरबीत मामा म्हणजे आई. "मामा इज अँग्री टुडे," ते म्हणत. मामा हातातला पाना खाली न ठेवता उत्तर देत, "माँ गुस्सा होगी तो खाना नहीं मिलेगा, सर."

मी त्यांच्याशी मराठी बोलायचे नाही. मी कुणाशीच बोलायचे नाही. दोहातल्याच अल सद्द भागातल्या फ्लॅटमध्ये मी लहानाची मोठी झाले. आईबाबा मराठीत विचारणार, मी इंग्रजीत उत्तर देणार, असा आमच्याकडे न ठरवता झालेला करार होता. एकदा मराठी लोकांच्या कार्यक्रमात मी "माझा खुर्ची" म्हटलं आणि सगळे हसले. प्रेमानेच हसले. पण त्यानंतर मी मराठी फक्त ऐकायची ठेवली. बर्फघरात स्टोअर सांभाळायला लागले तेव्हा मामा माझ्याशी हिंदीत बोलत, मी इंग्रजीत दोन शब्द टाकत असे, आणि मराठी त्या यंत्राच्या वाट्याला जायची.

तो ट्रॅक्टर मुळात बागेतलं गवत कापायचा. बर्फघर बांधून देणाऱ्या कॅनडाच्या लोकांनी तो सोबत आणला आणि काम संपल्यावर, परत कुठे न्या, म्हणून इथेच सोडून दिला. त्याच्या तोंडाशी एक रुंद लोखंडी डबा होता. डब्यात आडवं फिरणारं मळसूत्र बर्फ आत ओढतं आणि मागचा पंखा तो वरच्या नळकांड्यातून लांब फेकतो. रात्रभर पाडलेला बर्फ रोज सकाळी घसरगुंडीच्या माथ्यावर पोचवायचा तो याच डब्याने. मामा इचलकरंजीचे. तरुणपणी मागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो हलता करणारे. मग पंचवीस वर्षं आखात. कधी जनरेटर, कधी कॉम्प्रेसर. बर्फ त्यांनी पन्नाशी उलटल्यावर पाहिला, तोही वाळवंटात. त्या डब्याला ते आक्का म्हणत. "ट्रॅक्टर नुसता बैल हाय. काम आक्काचं," हे ते ट्रॅक्टरलाही ऐकू जाईल अशा बेताने सांगत.

मामांचं ऐकणं मी पाहिलं आहे. 'पाहिलं' हाच शब्द बरोबर आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ते बेअरिंगवर टेकवत, मूठ कानामागच्या हाडाला लावत आणि डोळे मिटत. इंजिन घरघरत असायचं, छतातले पंखे त्याचा धूर ओढत असायचे, आणि हा माणूस त्या सगळ्या गोंगाटातून मोहरीएवढा आवाज निवडून काढायचा. "डावीकडचं. आठ दिवस चालंल," त्यांनी एकदा आक्काला सांगितलं. मी गुपचूप कॅलेंडरवर खूण केली. सातव्या दिवशी त्यांनी ते बेअरिंग काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि बोटाने फिरवलं. झोपेत कुणी दात खावेत तसा आवाज आला. "मॅडम, नया दीजिए." मी नवं दिलं. तुम्हाला कसं कळलं, हा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

साडेनऊच्या चहाला ते माझ्या दारात उभे राहून गावी मामींना फोन करत, कारण रेंज तिथेच यायची. पहिल्याच आठवड्यात मी ऐकलं, "नवी पोरगी आल्या स्टोअरला. केरळची असंल. बोलत न्हाई, नुसती बघती." मी मान खाली घालून पट्ट्यांचे नंबर लिहीत राहिले. मामींचा आवाज फोनमधून सगळ्या स्टोअरला ऐकू यायचा, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा.

"पर बर्फ असतोय कसा ओ?"

"कापूस पिंजताना उडतोय बघ, तसा. पर गार."

"गार कापूस! कायबी सांगताय."

"डिसेंबरात ये. तुझ्या हातावरच ठेवतो."

मामींनी पंचवीस वर्षांत एकदाही आखात पाहिलं नव्हतं. आता येणार होत्या, पण त्याला एक अट होती. मामांचा करार नोव्हेंबरात संपत होता, आणि साठी ओलांडलेल्या माणसाला आणखी एक वर्ष ठेवायचं की नाही, हे मुदीरांच्या सहीवर होतं. सही झाली तर मामींचा व्हिसा. नाही तर मामाच परत. "झाली का सही?" मामी विचारत. "हुतीया की. इन्शाल्ला." "ह्ये इन्शाल्ला कोन?" "हितलं सगळ्यात मोठं सायेब."

आक्काच्या मळसूत्राला दोन पिना होत्या आणि त्या सारख्या तुटत. दगड झालेला बर्फ आला, कुणाचा हरवलेला हातमोजा आला, की टक्. मामा मुकाट्याने नवी पिन बसवत आणि तुटलेली तंबाखूच्या जुन्या डबीत टाकत. ऑक्टोबरात शाळांना सुट्टी लागली, गर्दी वाढली आणि माझ्याकडच्या पिना संपल्या. तो शुक्रवार होता, मामांची सुट्टी. मला वाटलं, इतकी वर्षं हे लोक भिकार पिना वापरतायत. मी त्याच मापाचे कडक पोलादी बोल्ट शोधून काढले, डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेले, आणि पाळीवरच्या मेकॅनिकला दिले. त्याने विचारलं, चालतील का. मी म्हटलं, बेटर क्वालिटी. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हेही सांगायला हवं.

शनिवारी घसरगुंडीवरच्या एका रबरी ट्यूबची दोरी, तिच्या लोखंडी कडीसकट, आक्काच्या तोंडात गेली. पिन तुटली नाही. आतून नारळ फोडल्यासारखा आवाज आला आणि आक्का थांबली. भर सुट्टीत बर्फघर तीन दिवस बंद ठेवावं लागलं.

मामांनी जुनं ब्लँकेट अंथरून गिअरबॉक्स उघडला. प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडला. आतल्या पितळी चाकाचे निम्मे दात गेले होते. मग त्यांनी मळसूत्रातला बोल्ट काढला, त्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि तो खिशात टाकला. मी पाच पावलांवर उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आक्काशी बोलायला लागले.

"तुझी पिन मऊ का असती, ठावं हाय का आक्का? तिनं आधी तुटायचं म्हनून. ती तुटती, तवा तुझं पोट शाबूत ऱ्हातंय. कडक पिन तुटत न्हाई. मग दुसरंच कायतरी तुटतंय."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तसा गिअरबॉक्स आता कुठेच मिळत नव्हता. मामांनी फरशीवर खडूने चाक काढलं, उरलेल्या दातांवरून गेलेले दात मोजले आणि मला म्हणाले, "मॅडम, सनैया चलेंगे?" सनैया म्हणजे गावाबाहेरची कारखान्यांची वस्ती. माझ्या गाडीत ते चाक मांडीवर घेऊन बसले, रुमालात, पाखरू धरावं तसं. वाटेत मामींचा फोन आला. "आक्का बरी हाय न्हवं?" "एकदम झकास," मामा म्हणाले आणि चाकावरचा रुमाल नीट केला. तिथल्या पाकिस्तानी कारागिराशी त्यांनी दात किती खोल हवेत यावर तासभर हुज्जत घातली, मग दोघांनी एकच करक, म्हणजे इथला दुधाचा कडक चहा, अर्धा अर्धा घेतला. संध्याकाळी आम्ही नवं चाक घेऊन निघालो. दुसऱ्या दिवशी सगळं जोडून झाल्यावर मामांनी मळसूत्र हाताने फिरवलं. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला नाही. गरजच नव्हती. आत काहीच वाजत नाही, हे मलाही ऐकू येत होतं.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला शेवट तिथे करायचा नाही. मामी डिसेंबरात आल्या. साडीवर बर्फघराचा कोट, पायांत तिथलेच अगडबंब बूट. मामांनी नळकांडं वळवलं आणि आक्काने मामींच्या समोर पांढरी कमान सोडली. मामींनी ओंजळ धरली, बर्फ दोन बोटांत घेऊन, धागा बघावा तसा चोळून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्येचं सूत न्हाई निघायचं." मामा इतके हसले की कानटोपी पडली.

वर्षभराने ते कायमचे गावी गेले. जाताना तुटलेल्या पिनांची डबी माझ्या टेबलावर ठेवली. मी त्यांना विचारलं, मराठीत, व्याकरण चुकत, की मी मराठी आहे हे तुम्हाला कधी कळलं.

"पैल्याच दिवशी. आक्काला घास घे म्हनलो तवा हसलीस की."

"मग मामींना केरळची का सांगितलंत?"

"तुला लपायचं हुतं. मग लपायला जागा नको व्हय?"

म्हणजे आक्काला सांगितलेलं एकेक वाक्य मला सांगितलेलं होतं. आता स्टोअरमध्ये नवीन कुणी आलं की मी आधी ती डबी उघडून दाखवते.

पण मला सांगायची आहे ती मामी येण्याआधीच्या नोव्हेंबरातली एक सकाळ. मुदीरांच्या टेबलावर मामांचा सही न झालेला कागद होता, आणि मामांनी खिशातून काढून ठेवलेला तो बोल्ट. कुणी लावला, मुदीरांनी विचारलं. तो बसवणारा मेकॅनिक खाली बघत होता. त्याला मामांनी आधीच गप्प केलं होतं.

"मैंने, सर," मामा म्हणाले. "उमर हो गई. नंबर दिखा नहीं."

अंगठ्याने बोल्टचा शिक्का वाचणारा माणूस हे म्हणाला. त्या शुक्रवारी तर ते कामावरही नव्हते. मुदीर वाईट माणूस नव्हते. त्यांनी हातातल्या पेनाला हळूच टोपण लावलं आणि इंग्रजीत म्हणाले, "मामा, डोळे गेले असतील तर मी यावर सही कशी करू?"

मामा हसले. टक् असा आवाज झाला नाही, पण मी तो ऐकला.

चार दिवस मी एक इंग्रजी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. सुरुवातीला क्षमा, मध्ये कारणं, शेवटी पुन्हा क्षमा. नंतर ते मी मुदीरांकडे बघून म्हटलंही, आणि जे ऐकून घ्यायचं ते ऐकून घेतलं. पण तोंड उघडलं तेव्हा आधी दुसरंच बाहेर आलं, त्या खोलीत एकाच माणसाला कळणाऱ्या भाषेत, माझ्या स्वतःच्या कानांना दचकवणाऱ्या आवाजात.

"मामा, तुम्ही नका तुटू. तो बोल्ट मी दिला होता."