‘अहो’चं ‘अगं’ झालं तेव्हा

सगळी गल्ली तिला ताई म्हणायची, वयाने मोठी माणसंसुद्धा. चौकाजवळ तिची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे धुलाईची मशिनं आणि काउंटरशेजारी, रस्त्याकडच्या काचेला लागून, इस्त्रीचं टेबल. पडदे, ब्लँकेटं, कोट असला जड माल तिच्याकडे यायचा. शर्ट-पँटींवर पोट भरत नाही, असं तिचं म्हणणं. तयार कपडे घरोघर पोचवायचं काम नवऱ्याकडे. तो फार बोलत नसे, पण बोलला की वर्मावर बोट ठेवायचा, म्हणून ताई त्याला शक्यतो बोलूच देत नसे.

तिला जिवाभावाची मैत्रीण एकच, ती म्हणजे नर्सबाई. आता निवृत्त झालेली, सडपातळ, तोंडाची फटकळ. युनिफॉर्मची कॉलर नीट बसली नाही म्हणून ती एकदा भांडायला आली होती आणि चहा पिऊन गेली होती, तेव्हापासूनची ही ओळख. पुढे कितीतरी वर्षं ती लाँड्री उघडली की यायची, काउंटरच्या आत स्टुलावर बसायची आणि पेपर उघडून मोठ्याने वाचायची. ताई कपडे धुवायची, नर्सबाई पुढाऱ्यांना.

दोघी एकाच पक्षाच्या. खरं सांगायचं तर पक्ष नर्सबाईचा होता, ताई नुसती तिच्यामागून आत शिरली होती. ‘हो ना’ आणि ‘तर काय’ एवढ्या भांडवलावर तिचं सगळं राजकारण चाललं होतं. तिला त्यात काही कमी वाटत नव्हतं. मैत्री म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

मग समोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, गणितबाई राहायला आल्या. शाळेत जन्मभर गणित शिकवून थकलेल्या, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. पडदे टाकायला लाँड्रीत आल्या, तेव्हा नर्सबाईचं वाचन रंगात आलं होतं. पावती हातात घेता घेता त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही वाचलात तो आकडा गेल्या वर्षीचा आहे.”

झालं. अर्धा तास दोघी तावातावाने भांडल्या. गणितबाई विरोधी पक्षाच्या, आणि तेही पाठ करून आलेल्या. त्या गेल्यावर ताई खुशीत म्हणाली, “काय बाई आहे की कोण!”

“अडेलतट्टू आहे,” नर्सबाई म्हणाली. तिचे डोळे मात्र चमकत होते. “पण मुद्दा सोडत नाही हं.”

दुसऱ्या दिवशी नर्सबाई उशिरा आली. आदल्या दिवशीचं उत्तर रात्री अंथरुणात सुचलं होतं, ते द्यायला आधी समोर गेली होती. तिसऱ्या दिवशी आलीच नाही.

इस्त्रीच्या टेबलावरून समोरची खिडकी सरळ दिसायची. ही तर शिक्षाच झाली. वर दोन बायका हातवारे करताहेत, एकमेकींना खोटं पाडताहेत, आणि मध्येच नर्सबाई अशी खदखदून हसतेय की खाली रस्त्यावर ऐकू यावं. ताईकडे ती हसायची, नाही असं नाही. पण हे हसू ताईने कधी ऐकलं नव्हतं. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच का? मग आपलं इतक्या वर्षांचं काय होतं?

“इस्त्रीपेक्षा तूच जास्त तापली आहेस,” नवरा म्हणाला.

“तुम्ही कपडे पोचवा.”

थोड्या दिवसांनी तिच्या कानावर आणखी एक गोष्ट पडली. नर्सबाई गल्लीत उभी राहून वर हाक मारत होती, “अगं ए, आहेस का?” अगं! ताईला ‘अहो’वरून ‘अगं’वर यायला किती वर्षं लागली होती! आणि या बाईने चार दिवसांत पल्ला गाठला. त्या दिवशी कुणाच्या तरी कोटाची बाही ताईच्या हातून पिवळी पडली.

तिने करून पाहिलं नाही असं काही उरलं नाही. एकदा आवाज खाली आणून म्हणाली, “ती तुझ्या पाठीमागे काय काय बोलते, कळलंय का तुला?”

“तोंडावर बोलते त्यापेक्षा वाईट काय बोलणार?” म्हणत नर्सबाई हसली आणि चहा अर्धा टाकून समोर गेली.

त्याच सुमाराला गल्ली गाड्यांना बंद करायचं ठरत होतं. फक्त पायी चालणाऱ्यांसाठी गल्ली, मध्ये बाकं, झाडं. ही योजना नर्सबाईच्या पक्षाची. ती नुसती हरखून गेली होती. ताईने नेहमीप्रमाणे ‘तर काय’ म्हटलं होतं. मनात धस्स झालं होतं, ते तिने गिळलं होतं.

आता ते गिळलेलं वर आलं. भांडणच हवंय ना हिला? मग भांडणाची आपल्याकडे काय वाण आहे? नवऱ्याला विचारून घ्या म्हणावं! दुसऱ्या दिवशी नर्सबाई स्टुलावर टेकून योजनेचं कौतुक वाचायला लागली, तशी ताई म्हणाली, “मला नाही पटत.”

नर्सबाईने चष्म्यावरून पाहिलं. “बरं वाटत नाहीये का तुला?”

“ठणठणीत आहे. माझ्याकडे माल गाडीतून येतो. दुहेरी ब्लँकेट उचलून बघितलंयस कधी? गाडी बंद झाली की लोक काय डोक्यावर वाहून आणतील? तुमच्या बाकांवर बसून मी हवा खायची का?”

सुरुवात तिने नाटक म्हणून केली होती. पण तिसऱ्या वाक्याला आवाज कापला, तेव्हा तिचं तिलाच कळलं की यात नाटक काहीच नाही.

नर्सबाईने पेपर मिटला. “हे तिने शिकवलं तुला?”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तिने? माझं स्वतःचं म्हणून एक मत निघालं, तेही तिच्याच पदरात घाल! दुकान माझं, पोट माझं, आणि डोकं तेवढं तिचं?”

“मग इतके दिवस मान का डोलावत होतीस?”

“तू विचारलंस कधी? वाचून दाखवायचीस आणि पान उलटायचीस!”

नर्सबाई उठली. ती समोरही गेली नाही, सरळ घरी गेली.

मग बरेच दिवस तिचा पत्ता नव्हता. ताई डोळ्याच्या कोपऱ्यातून खिडकीकडे बघत राहायची. तिथेही गणितबाई एकट्याच. वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण खाली कुठेतरी गारसुद्धा वाटत होतं. आपल्याला नाही, तर तिलाही नाही.

गणितबाई एकदा आल्या. म्हणाल्या, “तुम्ही योजनेच्या विरोधात आहात असं ऐकलं. आमच्या निवेदनावर सही कराल?”

“कुणाकडून ऐकलंत?”

“तुमच्या मिस्टरांकडून.”

ताईने मागे वळून नवऱ्याकडे असं पाहिलं की तो पडद्यांचं गाठोडं घेऊन बाहेरच पडला. मग ती म्हणाली, “रस्त्याचं तुमचं बरोबर आहे. बाकी तुमच्या पक्षाला मी दारात उभं करणार नाही. सही नाही मिळायची.”

“हे काही तर्काला धरून नाही.”

“नसू दे.”

गणितबाई चक्क हसल्या. ताईला त्या हसण्याचाही राग आला.

आणि मग एका सकाळी नर्सबाई आली. घामाघूम, केस विस्कटलेले, दोन्ही हातांत कवटाळलेलं दुहेरी ब्लँकेट. ते तिने काउंटरवर धपकन टाकलं आणि स्टूल ओढून नुसती धापा टाकत बसली. चौकापलीकडच्या बस स्टॉपपासून ती ते पायी घेऊन आली होती.

“रिक्षाने यायचं नाही का, वेडे?” ताई पाणी घेऊन धावली.

“रिक्षा बंदच होणार ना? म्हणून बघितलं. दोनदा टेकावं लागलं.” तिने घोट घेतला. “तुझं निम्मं बरोबर आहे.”

“निम्मंच?”

“निम्मंच. संध्याकाळी कोण ब्लँकेट घेऊन येतं? संध्याकाळी गाड्या बंद करायला काय हरकत आहे? सांग ना! ‘तर काय’ म्हणालीस तर बघ.”

“संध्याकाळीच तर येतात! ऑफिस सुटल्यावर! तुला काय माहीत, तू तेव्हा घरी झोपा काढत असतेस!”

दुपारपर्यंत दोघी भांडत होत्या. गिऱ्हाइकं आपापल्या पावत्या काउंटरवर ठेवून गेली. त्या भांडणात कधीतरी नर्सबाई ते मोठं हसू हसली. ताईने ते ऐकलं आणि मुद्दा सोडला नाही.

पुढे पालिकेने गल्ली फक्त सुट्टीच्या दिवशी बंद ठेवायचं ठरवलं. दोन्ही पक्षांनी आपणच जिंकलो असं जाहीर केलं. नर्सबाई अजून समोर जाते. आता कधी कधी ताईलाही ओढून नेते. गणितबाई चहात साखर कमी घालतात, हे ताईने पहिल्याच दिवशी हेरलं आणि नवऱ्याला दोनदा सांगितलं. तिघी भांडतात. गणितबाईंचा मुद्दा बिनतोड निघाला आणि नर्सबाईने टाळी दिली, तर ताईच्या काळजात अजून कळ येते. ती कप खाली ठेवते, पदर खोचते आणि म्हणते, “थांबा, मला बोलू द्या.”