चार रिकामे चौकोन

बाजारात त्यांना सगळे चौकटराव म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. फ्रेमा करायचा धंदा. कुणाचं प्रमाणपत्र असो, लग्नाचा फोटो असो की गेलेल्या वडिलांची तसबीर असो, टेबलावर आली की आधी तिचं माप घेतलं जायचं. गिऱ्हाईक डोळे पुसत म्हणायचं, "हे आमचे वडील," आणि चौकटराव म्हणायचे, "खालून अर्धा इंच जास्त आहेत." मनाने वाईट माणूस नव्हता. पण एकदा गुण्या हातात आला की कोपरा काटकोनात बसतोय की नाही, याखेरीज त्यांना जगातलं काही दिसायचं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी चित्रकार झाली, तेव्हा बाजार पोट धरून हसला होता. बापाच्या दुकानाला आता घरचाच माल! घरात मात्र ते हसण्यावारी जाण्यासारखं नव्हतं. पोरगी चित्र घेऊन यायची आणि विचारायची, "बाबा, कसं झालंय?" बाबा चित्र हातभर लांब धरायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "याला काळी पट्टी शोभेल." दर खेपेला हेच. शेवटी एकदा तिने चित्र त्यांच्या हातातून ओढून घेतलं. "तुम्ही चित्र बघतच नाही. कडा बघता. आयुष्यभर नुसत्या कडाच बघितल्यात तुम्ही!" असं म्हणून ती दुसऱ्या शहरात निघून गेली. आईशी तिचं फोनवर बोलणं चालू राहिलं. बापाशी अबोला.

हा अबोला चांगलाच लांबला. चौकटराव पट्ट्या कापत राहिले, आणि बायको मुलीशी फोनवर बोलायला लागली की चष्मा शोधायच्या निमित्ताने त्याच खोलीत घुटमळत राहिले. चष्मा बहुतेक वेळा नाकावरच असायचा.

म्हणून त्या दिवशी दुकानात मोबाइलवर मुलीचं नाव झळकलं, तेव्हा त्यांची करवत अर्ध्या कापातच थांबली. मेल होता. मेसेज नव्हे, कारण मेसेजला लगेच उत्तर जातं आणि लगेच भांडण होतं, हे बापलेक दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. लिहिलं होतं: "बाबा, माझं प्रदर्शन लागतंय. ही चार बघा. दारातून शिरल्यावर समोर यातलं एकच लावायचंय. कुठलं, ते तुम्ही सांगा."

आणि खाली एकाखाली एक चार चौकोन. बारीक राखाडी रेघेचे, उभे, आत काही नाही.

आता तुम्हीआम्ही असतो तर म्हटलं असतं, काहीतरी गडबड आहे. पण चौकटराव पडले फ्रेमवाले. रिकामी चौकट बघण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांच्या भिंतीवर पन्नास रिकाम्या चौकटी टांगलेल्या असायच्या आणि त्यात काही कमी आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी बघितलं आणि त्यांना गलबलून आलं. पोरीने फ्रेमा पाठवल्या! चित्र काढणं तिचं काम, फ्रेम निवडणं बापाचं. झालं गेलं विसरून तिने त्यांना त्यांच्याच धंद्यातलं विचारलं होतं.

त्यांनी पुष्कळ वेळ चारही चौकटी निरखल्या. बारीक पट्टी होती, हल्ली अशीच फॅशन आहे. चौथी त्यांना जरा जास्त रेखीव वाटली. का वाटली ते देवाला ठाऊक, कारण चारही सारख्याच होत्या. त्यांनी एका बोटाने उत्तर लिहिलं: "चौथं. उभंच ठेव. चारही करून पाठवतो." आणि जपून ठेवलेलं उत्तम लाकूड फळीवरून खाली काढलं. माप विचारायची गरज नव्हती; पोरीची चित्रं कुठल्या मापाची असतात ते त्यांना पाठ होतं. घरी जाऊन बायकोला म्हणाले, "तुझ्या मुलीचा मेल होता," आणि असं सहज म्हणाले की बायकोने हातातला चमचा खाली ठेवला.

चार उभ्या फ्रेमा कापून, चिकटवून, पॉलिश होऊन भिंतीला लागल्या, तेव्हा मुलीचं उत्तर आलं.

"चौथं? खरंच? पण उभं काय म्हणताय? चारही आडवी आहेत. आणि करून काय पाठवताय? बाबा, तुम्ही बघितलंत ना?"

चौकटरावांनी पहिला मेल पुन्हा उघडला. चारही चौकोन उभेच्या उभे. चष्मा पुसला. उभेच. घाबरून मोबाइल आडवा धरला, तर चारही चौकोन पसरून आडवे झाले. पुन्हा उभा धरला, चौकोनही उभे. माणूस चक्रावून गेला. इतकी वर्षं धंदा केला, पण हातातल्या वस्तूप्रमाणे माप बदलणारी फ्रेम त्यांनी बघितली नव्हती.

जेवताना त्यांनी मोबाइल बायकोपुढे सरकवला. "हे आडवं आहे का उभं?"

बायकोने बघितलं. "हे रिकामं आहे."

"ते मला दिसतंय. आडवं का उभं?"

"अहो, रिकामं आहे म्हणजे आलेलंच नाहीये काही! तिने चित्रं पाठवली असणार. फ्रेमा कशाला पाठवेल? ती चित्रकार आहे का सुतार?"

चौकटरावांचा घास हातातच राहिला. मुलगी म्हणाली होती, तुम्ही कडाच बघता. आणि आता तिने इतक्या दिवसांनी मन मोठं करून चित्रं पाठवली, तर बापाला दिसल्या त्या कडा, त्यातली एक त्यांनी पसंतही केली, आणि वर चौघींचं लाकूड कापून मोकळे झाले. हे तिला कळलं तर ती पुन्हा कधी काही विचारेल?

"थांबा, मी फोन करून सांगते तिला, दिसत नाहीये म्हणून," बायको म्हणाली.

"खबरदार!" चौकटराव ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नको. मी बघतो काय ते."

बघणार कुठून? त्यांनी ॲप उघडलं, कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर बोट ठेवलं, सेटिंग्ज सापडलं, आणि तिथून पुढे त्यांची वाट चुकली. एक बटण दाबलं तर सगळा पडदा काळाकुट्ट झाला, अक्षरं तेवढी पांढरी राहिली. दुसरीकडे "चित्र" हा शब्द दिसला म्हणून हर्षाने दाबलं, तर "चित्र काढून टाकायचं?" असं विचारलं गेलं. त्यांनी "हो" म्हटलं, आणि नावाशेजारच्या गोलातला त्यांचा स्वतःचाच हसरा फोटो गायब झाला. मुलीचं चित्र आलं नाही ते नाहीच, बापाचंही गेलं.

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईंकडे गेले. या बाई वयाने त्यांच्याएवढ्या, तोंडाने फटकळ, आणि बाजारातल्या निम्म्या मोबाइलांवर त्यांचा हात फिरलेला. त्यांनी काळा पडदा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"हे काय करून ठेवलंत?"

"ते राहू द्या. मेलमधली चित्रं दिसत नाहीत."

"कशी दिसतील? तुम्हीच तर बंद करायला लावलीत! पट्टीवाल्यांचे कॅटलॉग येतात, सगळा डेटा त्यातच जातो म्हणून माझ्या डोक्यावर बसला होतात. विसरलात?"

चौकटराव खरंच विसरले होते. कॅटलॉग बंद केल्याचं आठवत होतं, पण त्या कुलपात मुलगीही अडकेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

बाईंनी भराभर बोटं चालवली. सेटिंग्ज, मग खात्याचं नाव, मग अगदी खाली "इमेजेस". तिथे "दाखवण्याआधी विचारा" असं होतं, ते त्यांनी "नेहमी दाखवा" केलं. "घ्या. झालं."

झालं कुठे! मेलमध्ये पट्टीवाल्यांचे कॅटलॉग मात्र रंगीबेरंगी होऊन अंगावर धावून आले: सोनेरी पट्ट्या, नक्षीच्या पट्ट्या, पट्ट्याच पट्ट्या. मुलीच्या मेलमध्ये तेच चार रिकामे चौकोन.

"आता हे काय?" बाईही गोंधळल्या. मोबाइल बंद करून चालू केला. काही नाही. बऱ्याच वेळाने त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "अहो, तुमची दोन खाती आहेत ना? दुकानाचं एक आणि घरचं एक. बंद दोन्हींवर केलं होतं, आत्ता मी दुकानाचंच बदललं. मुलगी घरच्यावर लिहिते."

"मग घरच्याचं बदला!"

"जरा दम धरा. ते वर काय लिहिलंय?"

मेलच्या डोक्यावर एक फिकट ओळ होती. चौकटरावांनी ती पहिल्या दिवसापासून बघितली होती आणि जाहिरात समजून तिला हात लावला नव्हता. बाईंनी वाचून दाखवली: "चित्रं दाखवा."

"एवढंच होतं?" चौकटराव म्हणाले.

"एवढंच होतं. दाबा."

त्यांनी दाबलं.

पहिल्या चित्रात एक जिना होता, दुसऱ्यात पाठमोरी आई, तिसऱ्यात वाळत टाकलेले कपडे. चौथं मात्र हळूहळू वरून खाली उतरत आलं, आणि झेरॉक्सवाल्या बाई एकदम म्हणाल्या, "अगंबाई! हे तर तुम्हीच!"

चित्रात चौकटराव होते, तरुण, केस काळे. दोन्ही हातांनी एक रिकामी फ्रेम डोळ्यांसमोर धरलेली. कोपरे जुळलेत का ते बघायची त्यांची ती रोजची पद्धत. सगळं खालून वर बघितल्यासारखं काढलेलं, लहान मुलाला दिसेल तसं. आणि चित्राच्या खालच्या बाजूला दोन इवलेसे हात एक कागद उंच करून त्यांना दाखवत होते. कागदाची फक्त मागची कोरी बाजू दिसत होती. फ्रेममधून बघणाऱ्या माणसाचे डोळे त्या कागदाकडे नव्हते. ते वरच्या उजव्या कोपऱ्यावर खिळले होते.

चौकटरावांनी मोबाइल जरा डावीकडे धरला. मग उजवीकडे. मग अगदी नाकाशी आणला. त्या माणसाने एकदा तरी खाली बघावं म्हणून त्यांनी काय काय केलं. तो काही बघेना.

"हुबेहूब काढलंय हो," बाई म्हणाल्या.

"हो ना," चौकटराव म्हणाले. त्यांना मनापासून लाज वाटत होती.

दुकानात परत येऊन ते स्टुलावर बसले. समोर चार उभ्या फ्रेमा चमकत होत्या. उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. चौथं छान आहे एवढं लिहिलं असतं तर निभावून गेलं असतं; तिला काही कळलंही नसतं. पण चित्रातला तो माणूस डोक्यातून जाईना. शेवटी त्यांनी लिहिलं:

"मला आधी चित्रं दिसलीच नव्हती. रिकामे चौकोन दिसले, त्यांनाच फ्रेमा समजलो आणि चार करून बसलो. हसू नकोस. आज दिसली. चौथंच लाव. पोरीच्या हातातल्या कागदावर काय होतं?"

पाठवलं. गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याचं माप त्यांनी दोनदा चुकवलं. गिऱ्हाईक त्यांच्याकडे बघतच राहिलं.

मग मेल आला. दोनच वाक्यं. "हे होतं. अजून आहे माझ्याकडे."

आणि खाली एक रिकामा चौकोन.

"अरे देवा," चौकटराव म्हणाले. पण आता ते शिकलेले होते. वरची फिकट ओळ शोधून त्यांनी दाबली, तर या खेपेला ॲपने उलट प्रश्न केला: या पत्त्यावरून येणारी चित्रं नेहमी दाखवायची का?

"हे काय विचारणं झालं!" ते मोबाइलवरच खेकसले, आणि "नेहमी"वर बोट दाबून धरलं, उगाचच खूप वेळ.

जुना, घडी पडलेला कागद उघडला. त्यावर रंगीत खडूने काढलेला एक घोडा होता, निळा, गालातल्या गालात हसणारा. सवयीने चौकटरावांचा हात खिशातल्या टेपकडे गेला आणि तसाच माघारी आला. त्यांनी घोड्याचे डोळे बघितले. कान बघितले. मग पाय बघितले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा बघितलं. मग अतिशय गंभीरपणे एका बोटाने विचारलं: "पाचवा पाय आहे का शेपूट?"

मेल आला नाही. फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, पण पलीकडून आधी बराच वेळ नुसतं हसूच ऐकू येत होतं. की रडू, ते त्यांना समजेना.

"शेपूट आहे ते, बाबा!"