तिला फिका दिसलेला लाल

सून अकोल्याला माहेरी गेली असता स्कूटीवरून पडली. मार मुका होता. परंतु डोकेदुखी थांबेना, म्हणून मी अमरावतीहून तिच्याकडे गेले आणि मेंदूचा एमआरआय काढला. पडल्याची खूण त्यात कुठेच नव्हती. निघाले ते भलतेच. मेंदूच्या करड्या आकृतीत शुभ्र ठिपके उमटले होते, वेचणीनंतर काळ्या रानात राहून गेलेल्या कापसासारखे. मी त्यांकडे पाहतच राहिले. डॉक्टरांचे बोलणे फार दुरून येत आहे असे वाटे.

"मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-नसांच्या आजारात असे डाग दिसतात," ते म्हणाले. "पण त्रास कधीच झाला नसेल, तर औषधाची घाई नको, नुसतं लक्ष ठेवू. हातपाय बधिर झाले काय कधी? एखाद्या डोळ्यानं धूसर, रंग फिके?"

"नाही जी, काहीच नाही," सून हसली आणि तिने पर्स उचलली.

त्याच क्षणी मला अमरावतीच्या आमच्या अंगणातली गेल्या चैत्रातली सकाळ दिसू लागली. परडीत जास्वंदीची फुले, आणि ओल्या केसांची सून एक डोळा मिटून त्यांकडे पाहत आहे. "आई, हे फुलं विटकरी काहून दिसून राहिले?" गणपतीला रक्तवर्णच हवा, म्हणून तिने ती सारी बाजूला काढली होती. फुले तर लालबुंद होती. काही दिवसांनी तिला ती पुन्हा लाल दिसू लागली, आणि आम्ही दोघी ते विसरून गेलो.

मौन धरले असते तर ती निरोगी म्हणून घरी परतली असती. ते मौन मला क्षणभर प्रसादासारखे वाटले. मग मी सांगितले.

डॉक्टरांनी बाटलीचे लाल झाकण एकेका डोळ्यासमोर धरले.

"उजव्यानं लाल," ती थांबली. "डाव्यानं... थोडं मळकं."

डोळ्याच्या नसेची, पाठीच्या कण्यातल्या पाण्याची तपासणी झाली, तेव्हा निदान निश्चित झाले. त्या दिवशी परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तुमाले चूप बसता नसतं आलं काय?"

"आले असते."

मूर्तिजापूर मागे पडले. "औषधानं बरं होते ना?"

"आजाराचे पुढचे झटके कमी होतात, एवढेच म्हणाले."

"थोडं गोड बोला की! मास्तरीणच राहिल्या तुमी." ती रडत हसली. "मग इंजेक्शन तुमीच टोचाल. मले नाही जमत."

मी होकार दिला. बडनेरा येईपर्यंत मी सूर्यनारायणाजवळ टोचणाऱ्या या हातांचे स्थैर्य मागत होते.