कॅप्सूलचं पुण्य

चिक्कडपल्लीच्या एकनाथराव उदगीरकरांना देवाचा आणि सरकारचा धाक सारखाच. त्यातलं सरकार दोन हजार चौदाच्या जूनमध्ये, आंध्रातून तेलंगण वेगळं निघालं तेव्हा, फुटलं. त्यांच्या सरकारी खात्यातल्या कुणी हैदराबादेत राहायचं, कुणी आंध्रात जायचं हे ठरता ठरेना. तीन पिढ्या याच शहरात खुर्च्या झिजवलेल्या, आता ही काय परेशानी म्हणून एकनाथरावांनी अंथरूणच धरलं. अंघोळ नाही, जेवण नाही, तोंड भिंतीकडे. डॉक्टर रेड्डींच्या कॅप्सूलनं हळूहळू उठले, कचेरीत जाऊ लागले, भाजीवालीशी भांडूही लागले. ते भांडण ऐकून पद्मावतीबाईंनी सत्यनारायण घातला. नवऱ्यानं पुन्हा भिंतीकडे तोंड करू नये, एवढंच त्या बाईचं मागणं होतं.

मग दत्तजयंतीचा सप्ताह आला. उदगीरकरांकडे पोथीचं पारायण कडक सोवळ्यात. आणि बसायच्या आदल्याच दिवशी साडू सांगून गेले, की कॅप्सूलचं टरफल जनावराच्या हाडाकातड्यातून काढतात. एकनाथरावांनी कॅप्सूलची डबी देवघरापासून लांब नेऊन ठेवली. डॉक्टरला विचारून तरी बघा, असं पद्मावतीबाई म्हणाल्या. पण सोवळ्यातली गोष्ट रेड्डीला काय विचारायची? कॅप्सूल बंद झाली.

सप्ताह पार पडला आणि एकनाथराव ठणठणीत. पुढचे आठवडेही तसेच. झालं, प्रसाद वाटावा तसा ते अनुभव वाटू लागले. देवळात, कचेरीत, दूधवाल्याच्या रांगेत. महाराजांपुढे गोळीची काय मजाल!

मलकपेठेत त्यांची धाकटी विधवा बहीण सावित्रीबाई. तिलाही मनानं उभारी धरावी म्हणून गोळी होती, पण वेगळी. भावाचं ऐकून तिनं पोथी काढली आणि गोळी टाकली. तिसरा दिवस उजाडला तो गरगरतच. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका, झोप उडालेली, उगाच रडू. तिनं भावाला फोन केला. एकनाथरावांनी चौकशी लावली. कांदा खाल्लास का, कुणाला शिवलीस का? काहीच सापडेना तेव्हा निकाल दिला, "सावित्रे, श्रद्धा कमी पडली बघ तुझी."

ती बिचारी आणखीच रडली.

इकडे संक्रांत उलटली आणि एकनाथरावांचा चहा गार होऊ लागला. आधी उशिरा उठणं, मग न उठणं. तोंड भिंतीकडे वळलं तशी पद्मावतीबाईंनी त्यांना ऑटोत कोंबलं, वाटेत नणंदेला उचललं आणि दोघा भावंडांना रेड्डींपुढे नेऊन बसवलं.

रेड्डींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "राज्य फुटून किती महिने झाले? आंध्रात जायची माणसं गेली तुमच्या कचेरीतून?"

"कुठली हो. तिथंच बसलेत."

"हौ. तुमची कॅप्सूल तशी. बंद केली तरी पाच-सहा आठवडे अंगातली खुर्ची सोडत नाही. ह्यांची गोळी दोन दिवसांत निघून जाते, म्हणून ह्यांना झटके. त्यात श्रद्धेचं काय? गोळी बंद करायची तर मला विचारून, थोडी थोडी कमी करत."

म्हणजे ते मधले चांगले दिवस कुणाचे, हे एकनाथरावांनी विचारलं नाही. टरफलाचं कारण मात्र खाली मान घालून सांगितलं. रेड्डी हसले. तेच औषध बिनटरफलाच्या साध्या गोळीत मिळत होतं.

"पूछना था ना, उदगीरकर साब."

परतताना ऑटोत सावित्रीबाई भावाकडे वळून बसली. मग म्हणाली, "दादा, माझी श्रद्धा कमी होती का रे?"

"नव्हती," एकनाथराव रस्त्याकडे बघत म्हणाले. "मीच बोलायला नको होतं."

"आणि बाकी ज्यांना ज्यांना सांगितलंस ते?"

आजच देवळात जाऊन सांगतो, असं ते पुटपुटले. पद्मावतीबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"देवळात मी सांगते. नवी गोळी लागू पडायला दोन-तीन आठवडे जातील म्हणालेत डॉक्टर. तोवर तुम्ही कुणाला काही सांगू नका. चांगलंसुद्धा नको."