आक्कांची न पेटलेली भट्टी

आक्कांच्या स्कूटरवर मागे बसायला आमच्या शाळेत कुणी राजी नसे. कळंब्याच्या रस्त्यावर भर रहदारीत बाई गचकन ब्रेक मारत आणि म्हणत, "सर, उतरा की जरा. ते पान उचला." ते गळलेलं पान डिकीत जाई, घरी ओल्या मातीच्या थाळीवर दाबलं जाई आणि त्याची शीर न् शीर थाळीवर उमटे. चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात विजेची भट्टी बसवली आणि आम्हा जुन्या सहकाऱ्यांना पानं वेचायला कायमचं जुंपलं.

भाजण्याच्या बाबतीत मात्र महाकंजूष. दहातल्या सात थाळ्या परत पाण्यात बुडवत. "कच्ची भिजली की परत माती. भाजली की खापर, भुईला कायमचं वझं. मग नीट असंल तेच भाजावं की."

साठी उलटल्यावर त्यांचं पहिलं प्रदर्शन ठरलं. हॉल मीच ठरवला. बाईंनी चक्क चाळीस थाळ्या पास केल्या. आठ दिवस उरले आणि भट्टीच्या दारातल्या, आत डोकावायच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं.

"चमच्यानं खरवडा," मी म्हणालो.

"आत तिची पोरं हायत."

"आक्का, माशी आहे ती."

"व्हय की. तिनं बी माझ्यासारखी तळ्यावरनंच माती आणलीया. मी कोण तिला काढणार?"

पोरं उडायला तीन आठवडे तरी लागणार होते. जवळपास दुसरी विजेची भट्टी नव्हती. मी रागाने दोन दिवस बोललो नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी कच्च्याच थाळ्या मांडल्या. 'हात लावू नये' अशी पाटी मी लावली, पण पाटी वाचून हात मागे घेणारा माणूस कोल्हापुरात अजून जन्मायचा आहे. गारगोटीकडच्या एका आजोबांनी थाळी उचलली आणि दोन हातांत दोन तुकडे घेऊन कावरेबावरे उभे राहिले. आक्का म्हणाल्या, "पावणं, काय बिघडलं न्हाय. भिजवून परत करतो की." वर त्यांना चहा पाजला.

कौतुक खूप झालं, विकली एकही गेली नाही. भाजताना कितीतरी तडकतात, मग शब्द कसा द्यायचा, म्हणून बाईंनी आगाऊ मागणीही घेतली नाही.

परतताना रिक्षात आम्हा दोघांच्या मांडीवर खोकी होती. आक्का म्हणाल्या, "लई वाटत हुतं वो सर, एक तरी कुणाच्या घरात जावी."

तीस वर्षं मी या बाईंची थट्टा करत आलो.  त्या क्षणी दोन दिवस धरलेल्या अबोल्याची मला लाज वाटली.

"मला द्या एक," मी म्हणालो.

"कच्ची हाय. पाणी लागलं तर जाईल."

"मग चिखल आणून देईन तुम्हाला."

त्यांनी खोक्यातली सगळ्यात देखणी थाळी शोधून माझ्या हातात दिली आणि माझं घर येईपर्यंत रिक्षावाल्याला एकेक खड्डा ओरडून दाखवत राहिल्या.