डाव्या कार्बोरेटरची सुई

माझ्या फजित्या मीच सांगतो आणि मीच आधी हसतो — उलटा बसवलेला ब्रेक, पेट्रोलच्या टाकीत ओतलेलं रॉकेल, सगळं. ही एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. का? कारण यात फजिती माझी झाली नाही. ती मी दुसऱ्याची केली.

लखू म्हात्रे. पनवेलला हमरस्त्याच्या कडेला, पत्र्याखाली मोटरसायकली दुरुस्त करायचा. आधीच सांगून टाकतो — मला तो आवडत नव्हता. आजही आवडत नाही. वाईट वागलो म्हणून आता त्याचे गोडवे गाऊ? जमणार नाही.

नव्वदच्या आसपास मी एका मिठागरवाल्याच्या शेडमधून जुनी विलायती मोटरसायकल आणली. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. सहा वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी होती. कार्बोरेटरवर हिरवट खपली, आत पेट्रोलचा डिंक. ते मी स्वतः साफ करणार, असं ऑफिसभर सांगून झालं होतं. लखूकडे तेच बोललो, तर चारचौघांत म्हणाला, “सायेब, तुमी हापिसात सह्या करा. हिकडं बोटा नका घालू.” सगळे हसले. मीही हसलो — आणि ते मनात धरलं.

शेवटी काम त्यालाच द्यावं लागलं. त्याची एक पद्धत होती. दोन जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटल्या — एक डाव्या कार्बोरेटरची, एक उजव्याची. डावा पूर्ण जोडून झाल्याशिवाय उजवा उघडायचा नाही. झाडूचा हीर तासून भोकं मोकळी करायची, सायकलच्या पंपाने हवा मारायची. माझा डावा सिलिंडर झिजलेला. त्याला पेट्रोल जास्त लागतं म्हणून डावी सुई — पेट्रोल किती जावं ते तीच ठरवते — त्याने एक खाच वर बसवली होती. पंधरा दिवसांनी गाडी अशी चालू लागली की मला रागच आला.

हो, राग. लोक म्हणायचे, लखूने गाडी जिवंत केली. मी कोण मग? नुसता मालक?

एका रविवारी सकाळी मी दोन्ही कार्बोरेटर एकदम उघडले. एकाच वर्तमानपत्रावर. ताटल्याबिटल्या अडाण्यांसाठी — मी तर शिकलेला माणूस! बिघाड काहीच नव्हता. मला फक्त त्याची एखादी चूक सापडायला हवी होती. सापडली नाही. जोडताना मात्र सुयांची अदलाबदल झाली. मला पत्ताही नाही.

तसाच दुपारी मिरवायला डॉक्टरांकडे गेलो. निघताना गाडी जरा अडखळली; गरम झाली की सुधारेल म्हटलं. हे आमच्या ओळखीचे, जुन्या गाड्यांचे शौकीन. लखू तिथेच होता. रस्ता रुंद होणार म्हणून त्याची टपरी उठणार होती, आणि डॉक्टर त्याला आवारातली एक खोली द्यायला तयार झाले होते. त्याच बोलण्यात मी फाटकातून आत शिरलो — एका सायलेन्सरमधून काळा धूर, दुसऱ्यातून फटाके.

“हे काय लखूचं काम?” डॉक्टरांनी विचारलं.

आता बघा — एका वाक्यात सुटलो असतो. मीच उघडली होती, एवढंच. माझ्याच किश्शांत आणखी एकाची भर. पण लखूच्या देखत? मी म्हणालो, “यानं ओरिजिनल सुया काढून घेतल्यात. भलत्याच घातल्यात.”

लखू सायलेन्सरपाशी वाकला, मग माझ्याकडे वळला. “तुमी खोलली व्हती काय? खरा सांगा.”

“माझ्याकडे साधा पाना नाही,” मी म्हणालो. नखांत काळं अडकलेलं. हात पाठीमागे घेतले.

“मंग आता खोलतो. डॉक्टरसायबांच्या समोर.”

“हात लावायचा नाही गाडीला! चोर कुठला!”

तो शब्द मी वापरला. खोलीचं बोलणं तिथेच थांबलं. जाताना लखू मला म्हणाला, “तुमाला ठाव हाय.” तेव्हा — खरं सांगतो — मला पुरतं ठाऊक नव्हतं. संशय होता.

चार दिवसांनी सुया आपापसात बदलून पाहिल्या. इंजिन एका दमात सुरू झालं, लखूने दिलं होतं तसंच. आता ठाऊक झालं. मग मी काय केलं? त्याच गाडीवर बसून डॉक्टरांकडे गेलो आणि सांगितलं, लखूने केलेला घोळ मी निस्तरला. त्यांनी पाठ थोपटली. थोपटू दिली.

टपरी पुढच्या महिन्यात पाडली. लखू डंपरवर क्लीनर म्हणून लागला, चाळिशीत. एकदा नाक्यावर दिसला. मी मान फिरवली.

खोली रिकामी होती. डॉक्टर म्हणाले, तुमची गाडी पावसात कशाला भिजवता, इथे ठेवा. मी ठेवली. आठ वर्षं. कुलूप माझं होतं.